मदत हवी आहे: फ्रीजर एकदम गार पण खाली दूध नासतंय

नमस्कार मंडळी, आमचा डबल डोअर फ्रॉस्ट फ्री फ्रीज आहे, वर बर्फ मस्त होतोय पण खालच्या कप्प्यात दूध टिकंना, आणि फ्रीजरचं दार उघडून स्विच बोटानं दाबला की आत फॅन खर्र खर्र करतोय, बहुतेक पात्याला बर्फ घासतोय. फ्रीज बंद करून रात्रभर दार उघडं टाकलं, सगळं पाणी निघालं की काही दिवस ओके चालतो, मग परत तेच रडगाणं.

सांगलीत विश्रामबागेतला एक मेकॅनिक मागचा पॅनल न उघडताच म्हणला गॅस संपलाय, भरावा लागंल. अहो पण गॅस गेला असता तर वर बर्फ तरी कसा झाला असता? मला डिफ्रॉस्टचाच (आतला बर्फ आपोआप वितळवायच्या सिस्टीमचा) घोळ वाटतोय, हीटर, बायमेटल (तापमानावर चालू-बंद होणारा स्विच) नाहीतर टायमर.

घरात मल्टीमीटर आहे. प्लग काढून हीटर चेक केला तर ओहम साधारण किती यायला पाहिजेत? आणि बायमेटल बर्फात गार असतानाच कंटिन्युटी (म्हणजे सर्किट जोडलेलं) दाखवतो ना, का उलटं? टायमर हातानं फिरवून डिफ्रॉस्टला लावता येतो म्हणतात, कुणी केलंय का तसं? सांगली-मिरजेत सुटे पार्ट कुठं मिळतील तेबी सांगा, पण "नवीनच घ्या" नको, ते घरात रोज ऐकतोय.