पाइप कापताना हॅक्सॉ ब्लेडचे दात मोडतात. ब्लेड कोणते घ्यावे?

प्रश्न:
आमच्या लहानशा फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये १६ गेजचा चौकोनी पाइप, ३ मि.मी. जाडीचा अँगल आणि अधूनमधून २५ मि.मी. व्यासाचा एम.एस. (माइल्ड स्टील) बार हाताने कापावा लागतो. सगळ्यांसाठी १८ टीपीआयचेच ब्लेड वापरतो. बारवर ते उत्तम चालते, पाइपवर मात्र दात पटापट मोडतात. दोष ब्लेडच्या दर्जाचा आहे की निवडीचा?

उत्तर १:
निवडीचाच आहे. १८ टीपीआय म्हणजे इंचाला १८ दात, अर्थात दोन दातांमध्ये सुमारे १.४ मि.मी. अंतर. १६ गेजची जाडी साधारण १.६ मि.मी. असल्याने उभ्या भिंतीवर जेमतेम एक दात टेकतो, तिची कड दातांमधल्या खाचेत शिरते आणि पुढच्या रेट्याला दात तुटतो. एका वेळी निदान तीन दात धातूवर असावेत, असा संकेत आहे. अँगलला २४ टीपीआय पुरते, पाइपसाठी ३२ घ्यावे. त्यातही १.६ मि.मी.वर दोनच दात बसतात, म्हणून पाइपची वरची बाजू कापून झाली की तो शेगड्यात (व्हाइसमध्ये) फिरवून पुढची बाजू वर घ्यावी, म्हणजे ब्लेड नेहमी सपाट बाजूच्या रुंदीवर चालते. बारसाठी मात्र १८ सोडू नये. ३२ टीपीआयच्या बारीक खाचा किसाने लगेच भरतात आणि ब्लेड नुसते घासत राहते.

उत्तर २:
वरील उत्तराशी सहमत आहे. टीपीआयइतकेच ब्लेडच्या धातूकडेही पाहावे. संपूर्ण कडक केलेले ब्लेड सरळ कापते, परंतु हात जरा तिरपा झाला की काचेसारखे तुटते. शिकाऊ मुले काम करत असतील तर बायमेटल घ्यावे, कारण त्याचे दात हायस्पीड स्टीलचे आणि पाठ लवचीक असते. ते महाग पडते, तरी माझ्या मते शेवटी स्वस्तच ठरते. आणखी एक, जुन्या ब्लेडने अर्धवट कापलेल्या खाचेत नवे ब्लेड घालू नये. झिजलेल्या दातांची खाच अरुंद असते, त्यामुळे नवे ब्लेड अडकते. दुसऱ्या बाजूने नवा काप सुरू करावा.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. स्टेनलेसच्या पाइपलाही हेच ब्लेड चालेल का?

उत्तर १:
बायमेटल ३२ चालेल. फक्त वेग कमी ठेवून पुढे जाताना ठाम दाब द्यावा आणि मागे येताना तो काढून घ्यावा, कारण दात न कापता घासत राहिले तर स्टेनलेसचा पृष्ठभाग अधिकच कडक होतो.