पीसी सारखा गोठतोय, कोणाला काही सुचतंय का? (सोसायटी ग्रुप)

बी-४०३: नमस्कार मंडळी. इथे विचारणं योग्य आहे का माहीत नाही, पण ग्रुपवर या लाईनमधले दोघं-तिघं आहेत म्हणून विचारतो. स्वतः पार्ट जमवून जोडलेला डेस्कटॉप मध्येच गोठतो. आधी छान चालायचा. आता काम करता करता स्क्रीन आहे तशी थांबते, कधी कधी पॉवर बटण दाबून धरावं लागतं.

ए-३०४: फॉरमॅट मार.

बी-४०३: मारला दादा. काही फरक नाही.

ए-३०४: मग एसएमपीएस (पॉवर सप्लाय) गेला. नवीन टाक.

डी-१०३: आपली लिफ्ट पण अशीच मध्ये थांबते, त्याचं काय झालं? 😄

सी-२०१: अहो, नवीन काही घ्यायला लावायच्या आधी रोग तरी कळू दे. बी-४०३, "थांबते" म्हणजे नक्की काय होतं रे? माउसचा बाण हलतो का? आवाज चालू असेल तर काय होतं? आणि तेव्हा कॅप्स लॉक दाबून बघ, कीबोर्डवरचा दिवा चालू-बंद होतो का?

बी-४०३: ताई, खरं सांगू का, दोन्ही होतं. कधी बाण हलतो, पण कुठेही क्लिक केलं तरी ढिम्म. अर्ध्या मिनिटात आपोआप सुटतं. आणि कधी बाणही हलत नाही, गाणं लागलं असेल तर एकच सूर घुर्रर्र करत राहतो. मग बटणाशिवाय इलाज नाही. कॅप्स लॉक बघितलं नव्हतं, आता बघतो.

सी-२०१: हे आधी सांगायचंस! हे दोन वेगळे आजार असू शकतात, एकाच नावाखाली घातल्यामुळे कुठलंच औषध लागू पडत नाहीये. बाण हलतो म्हणजे विंडोज जिवंत आहे, कशाची तरी वाट बघतंय. बहुतेक वेळा डिस्कची. सूर अडकतो आणि कॅप्स लॉकचा दिवाही बदलत नाही, तेव्हा पूर्ण सिस्टमच मेलेली असते. तिथे रॅम, प्रोसेसर, पॉवर, मदरबोर्ड किंवा ड्रायव्हर यांतलं काहीतरी.

ए-१०२: उष्णतेचं बघितलं का? नवशिके कूलरखालचं प्लॅस्टिक काढायलाच विसरतात, मी पाहिलंय.

बी-४०३: काका, काढलंय. 🙏 तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो लावून ठेवलंय, गेम खेळताना प्रोसेसर सत्तरीच्या आसपास असतो.

सी-२०१: काका, तपासायला हवंच होतं, बरोबर आहे तुमचं. पण तापलेला प्रोसेसर आधी स्वतःचा वेग उतरवतो, अगदीच हाताबाहेर गेलं तर मशीन फटकन बंद होतं. असं गोठून बसणं त्याच्याकडून क्वचितच होतं. सत्तर ठीक आहे.

कुठला प्रोसेसर आहे रे? इंटेलचा तेराव्या-चौदाव्या पिढीतला मोठा असेल तर आधी बायोस (मदरबोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट कर. २०२४ मध्ये त्यांनी स्वतः व्होल्टेजचा दोष मान्य करून त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढला होता.

बी-४०३: नाही ताई, रायझन ५६००एक्स. इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) उघडलं तर केर्नल-पॉवर ४१ची रांग लागलीय. म्हणजे पॉवर सप्लायच ना?

ए-३०४: मी म्हटलं होतं!!

सी-२०१: नाही. ४१ एवढंच सांगतो की मशीन नीट शटडाऊन न होता बंद झालं. तू बटण दाबून धरतोस तेव्हाही तोच लिहिला जातो. त्याच्या नावातल्या "पॉवर"वर जाऊन लोक एसएमपीएस बदलत बसतात. त्याच्या आजूबाजूला, विशेषतः बाण हलणाऱ्या प्रसंगाच्या वेळेला, पिवळ्या त्रिकोणाच्या नोंदी आहेत का ते बघ.

बी-४०३: आहेत. स्टोरएएचसीआय, इव्हेंट १२९. "रीसेट टू डिव्हाइस, रेडपोर्ट ०." भरपूर आहेत.

सी-२०१: सापडला एक. विंडोजने साटा डिस्कला काहीतरी मागितलं, उत्तर आलं नाही, साधारण ३० सेकंद वाट बघून तिला रीसेट केलं. तुझं अर्धं मिनिट ते हेच. आता आधी महत्त्वाच्या फोटो-फाइल्सचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घे. मग डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो उघड आणि सी७ची ओळ बघ, अल्ट्रा-डीएमए सीआरसी एरर काउंट. तो आकडा सोळाच्या पद्धतीत दिसतो, त्यात अक्षरं आली तरी घाबरू नकोस.

बी-४०३: १बी दिसतंय. बाकी सगळं "गुड" निळ्यात.

सी-२०१: १बी म्हणजे २७. डिस्क आणि बोर्डाच्या मधल्या वाटेत डेटा बिघडतोय, डिस्कच्या आत नव्हे. साटा केबल बदल, बोर्डावरचा पोर्टही बदल. तो आकडा कधीच शून्यावर येणार नाही, वाढतोय का एवढंच बघायचं.

सेक्रेटरी: कृपया पाण्याच्या टाकीची सूचना वर गेली आहे, सर्वांनी वाचावी.

बी-४०३: सॉरी काका, हे मिटलं की लगेच थांबतो.

*(दुसऱ्या दिवशी)*

बी-४०३: केबल बदलली. जुनी कॅबिनेटच्या पत्र्याला टेकून काटकोनात दुमडली होती, टोकाशी क्लिपही नव्हती. तेव्हापासून १बीच आहे, अर्ध्या मिनिटाचं थांबणं बंद. पण घुर्रर्र आज परत झालं. कॅप्स लॉकचा दिवा बदलला नाही.

सी-२०१: छान, आता दुसऱ्याकडे. आतापासून एका वेळी एकच गोष्ट बदलायची. रॅम किती, कशी?

बी-४०३: आधी १६ जीबीच्या दोन होत्या. नंतर अजून दोन घातल्या. चारही ३६०० वेगाच्याच आहेत. एक्सएमपी (रॅम पाकिटावरच्या वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) ऑन.

ए-१०२: नंतर घातल्यावरच त्रास सुरू झाला का?

बी-४०३: आता आठवून बघतो तर... हो काका, त्याच सुमाराला.

सी-२०१: काका 👏 मी कालच विचारायला हवं होतं ते तुम्ही विचारलंत.

पाकिटावर आकडा तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या असू शकतात. कंपनी हमी देते ती एका पाकिटातल्या जोडीची, दोन पाकिटं मिळून चालतील अशी कोणीच देत नाही. शिवाय एक्सएमपी हे ओव्हरक्लॉकच आहे, म्हणजे अधिकृत वेगाच्या वर पळवणं. तुझ्या प्रोसेसरला चार सिंगल रँक (चिपांचा एकच गट असलेल्या) स्टिकना एएमडीचा अधिकृत वेग २९३३, डबल रँक असतील तर २६६७. आपण चारही ३६००वर पळवतोय.

रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवर टाक आणि मशीन त्यावरून सुरू कर. विंडोज मध्ये येतच नाही, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न मिटतो. आधी सगळं आहे तसंच ठेवून चालव.

ए-३०४: एवढं करण्यापेक्षा परत फॉरमॅट नाही का सोपं?

सी-२०१: उलट ते सगळ्यात वाईट. रॅम चुकत असेल तर इन्स्टॉल होताना फाइल्स तिच्यातूनच जातात. बिघडलेल्या रॅमवर नवं विंडोज टाकलं तर ते पहिल्या दिवसापासूनच बिघडलेलं असू शकतं.

*(रात्री)*

बी-४०३: पहिला पास (तपासणीची एक फेरी) पूर्णही झाला नाही, लाल ओळींनी स्क्रीन भरली. एक्सएमपी बंद करून लावलं तर एकही एरर नाही. आता जोड्या वेगवेगळ्या करतो.

सी-२०१: जोडी लावताना प्रोसेसरच्या बाजूने दुसरा आणि चौथा स्लॉट. पॉवर बंद कर, मागची वायर काढ, दोन्ही बाजूंचा खटका लागला का हाताने बघ. आणि मेमटेस्टच्या चारही फेऱ्या होऊ देत, वेळ लागतो, झोप तू.

*(सकाळी)*

बी-४०३: जुनी जोडी एकटी, ३६००, चारही पास स्वच्छ. नवी जोडी त्याच स्लॉटमध्ये, तीही स्वच्छ. म्हणजे रॅम खराबच नाहीये?

सी-२०१: सुट्या सुट्या दोन्ही जोड्या चांगल्या आहेत, एकत्र त्या वेगाला जमत नाही. दोन पर्याय: चारही ठेव आणि हाताने २६६७वर उतरव, किंवा दोनच ठेव आणि ३६००वर चालव. तुझ्या कामाला ३२ जीबी कमी पडतात का? पडत नसतील तर दोन. काहीही निवडलंस तरी शेवटी विंडोजमध्ये ॲडमिनच्या कमांड प्रॉम्प्टवर "sfc /scannow" (एसएफसी) चालव. मधल्या काळात कुठली सिस्टम फाइल बिघडली असेल तर ती दुरुस्त करेल. तुझ्या स्वतःच्या फाइल्स मात्र ती तपासत नाही, त्या काळात सेव्ह केलेलं महत्त्वाचं काही असेल तर उघडून बघ.

बी-४०३: दोनच ठेवतो. एसएफसीने काही फाइल्स बदलल्या खरंच. खूप आभार ताई, काका.

ए-१०२: कॅबिनेट उघडंच आहे तर धूळ पण काढ. पंख्याचं पातं बोटाने धरून मग ब्लोअर मार.

ए-३०४: उरलेल्या दोन स्टिक देतोस का मला? माझा पण स्लो झालाय.

सी-२०१: तुमच्याकडे आधी किती आहेत?

ए-३०४: दोन. 😬

सी-२०१: मग त्याच्याकडून मेमटेस्टचा पेनड्राइव्ह पण घेऊन जा.