तातडीने मदत हवी: वायफाय चालू केलं की ओलाव्याचा आकडा ४०९५ वर अडकतो

डाळिंबवाला:
बागेची मोटर आपोआप चालू-बंद करायला ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड) आणि मातीचा ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर. टेबलावर कुंडीत खुपसला की १५००, पुसून हवेत धरला की २८००. कोडमध्ये वायफाय आणि एमक्यूटीटी (आकडे नेटवर्कवरून पाठवायची पद्धत) घातलं आणि संपलं. ओल्या मातीत ४०९५, पाण्याच्या ग्लासातही ४०९५. दोन सेन्सर बदलून झाले. परवा रात्री थ्री फेज आली, यानं 'माती कोरडी' समजून पहाटेपर्यंत मोटर चालवली. सकाळी बागेत घोटाभर पाणी. वडील बोलत नाहीयेत. आज परत रात्रीचीच लाईट आहे, लवकर सांगा.

सोल्डरबहाद्दर:
पॉवर कमी पडतेय. वायफाय उठताना करंटचा झटका बसतो, डेटाशीटच किमान ५०० मिलिअँपिअर मागते. मोबाईलचा जुना चार्जर लावलाय ना? ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका, विषय मिटला.

डाळिंबवाला:
२ अँपिअरचा आहे, नवा. बोर्ड रीसेट होत नाही. दर मिनिटाला आकडा येतोय, फक्त तो ४०९५ असतो.

लोराप्रेमी:
मुळात शेतात वायफाय कशाला? लोरा (कमी विजेवर लांबवर पोचणारा रेडिओ) घ्या. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झला आपल्याकडे परवाना लागत नाही.

सोल्डरबहाद्दर:
अहो, त्यांचं वायफाय व्यवस्थित जोडलं जातंय! कुठलाही धागा उघडा, हे लोरा घेऊन हजर.

लोराप्रेमी:
आणि तुम्ही कपॅसिटर घेऊन.

आबा_ठिबकवाले:
बहार कोणता धरलाय? डाळिंबाला इतकं पाणी साचलं तर मर रोग लागायला वेळ लागत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर काढा. मूठभर माती दाबून बघायची, गोळा झाला तर पाणी नको. आम्हाला कधी सेन्सर लागला नाही.

रात्रपाळी:
सेन्सर कितव्या पिनेला आहे?

डाळिंबवाला:
२७. पण पिन बरोबरच आहे, टेबलावर चालत होतं की.

रात्रपाळी:
टेबलावर वायफाय नव्हतं. पिनेवरचा व्होल्टेज आकड्यात बदलणारे दोन भाग बोर्डात असतात, एडीसी१ आणि एडीसी२. २७ नंबर एडीसी२ वर येतो, आणि वायफाय चालू असताना एडीसी२ त्याच्याच ताब्यात असतो, तुमच्या कोडला मिळत नाही. सेन्सर एडीसी१ वर घ्या: ३२, ३३, ३४, ३५, ३६, ३९ यातली कुठलीही पिन. कपॅसिटिव्ह सेन्सरचा आकडा माती सुकेल तसा वाढतो, म्हणून ४०९५, म्हणजे येऊ शकणारा सगळ्यात मोठा आकडा, तुमच्या कोडला वाळवंट वाटला. ३००० च्या वर किंवा शून्य आलं तर सेन्सर बिघडला समजून मोटर बंद, असं लिहा. शिवाय ४० मिनिटांनी काहीही झालं तरी बंद.

डाळिंबवाला:
३४ वर टाकला, १६२० आला!! पण आता रिलेची (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचची) टकटकच बंद.

रात्रपाळी:
रिले कुठे आहे?

डाळिंबवाला:
वायरिंग उकललंच होतं म्हणून शेजारी ३५ वर घेतला.

रात्रपाळी:
३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत हो. २६ वर न्या.

डाळिंबवाला:
वाजला. बागेत निघालो, टॉर्च घेऊन.

आबा_ठिबकवाले:
बहार सांगितला नाहीत अजून.