रक्तात ब्रॅका नॉर्मल, मग डॉक्टर 'गाठीत बंद पडला असेल' का म्हणाले?

घंटाळीची
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या. माझ्या मावशीला (वय ४६) डाव्या स्तनात गाठ लागली, बायोप्सी झाली आणि रिपोर्ट आला तो असा: ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू १+, केआय-६७ सत्तर टक्के. पहिल्यांदा वाचलं तेव्हा काका म्हणाले अरे सगळं निगेटिव्ह आलंय, सुटलो! राममारुती रोडवरून पेढे आणायचेच बाकी होते. मग कळलं की हाच तो ट्रिपल निगेटिव्ह ब्रेस्ट कॅन्सर (ईआर, पीआर ही हार्मोनची रिसेप्टर आणि हर-टू हे प्रोटीन, तिन्ही निगेटिव्ह; हर-टू १+ ला निगेटिव्हच धरतात), जो जास्त जोरात वाढतो.
मग रक्ताची जेनेटिक टेस्ट झाली, ब्रॅका-वन आणि टू (डीएनए दुरुस्त करणारे जीन, वारशाने बिघडलेले आले तर ब्रेस्ट कॅन्सरचा धोका वाढतो) दोन्ही नॉर्मल. आम्ही परत खुश. तर डॉक्टर ओपीडीच्या गर्दीत उठता उठता बोलून गेले की जीन चांगलाय पण गाठीत तो बंद पडलेला असू शकतो. आता चांगला आहे तर बंद कसा आणि बंद आहे तर चांगला कसा?? आणि दुसरं, आई तिची सख्खी बहीण आहे, ती आठवडाभर नीट झोपलेली नाही. तिला काय सांगू?

खारघर_लोकल
मी नवी मुंबईत लॅबमध्ये स्लाईडी करतो, डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचं मला विचारू नकोस. पण "चांगला आहे पण बंद आहे" हे मात्र सांगू शकतो.
रिपोर्टातलं निगेटिव्ह म्हणजे जीन गायब झाला असं नाही. ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, त्याचा जीन सहाव्या क्रोमोझोमवर असतो, मावशीच्या गाठीतल्या पेशींतही तो असणारच, फक्त वाचला जात नाहीये. आम्ही स्लाईडवर जो तपकिरी रंग बघतो तो प्रोटीनचा, जीनचा नाही. कॅन्सरच्या १०० पेशींत एकीच्याही केंद्रकाला तो रंग चढला नाही तर ईआर निगेटिव्ह लिहायचं.
माझ्या आजीची पाककृतींची वही होती, तुमच्याकडेही असेल. समज प्रत्येक पेशीकडे तीच वही आहे, साधारण २०,००० पाककृती. डोळ्याची पेशी, लिव्हरची पेशी, वही एकच, उघडी पानं वेगळी. आता अनारशाच्या पानावर पाव किलोच्या जागी पाव चमचा लिहिलं गेलं तर ते म्युटेशन. पण पाक सांडून दोन पानं चिकटली तर? मजकूर शब्दन्शब्द बरोबर, पण पान उघडतच नाही, अनारसे होणार नाहीत ते नाहीतच. पेशीत हा पाक म्हणजे मिथाइल नावाचे बारके रासायनिक गट, ते जीनच्या सुरुवातीच्या भागावर जाऊन बसतात, त्या भागाला प्रमोटर म्हणतात. ट्रिपल निगेटिव्हमधल्या काही गाठींत ब्रॅका-वनचं पान असं चिकटलेलं सापडतं. रक्ताची टेस्ट स्पेलिंग तपासते आणि तेही रक्तातल्या पेशींचं, गाठीतल्या वहीला पाक लागलाय का हे तिला कसं दिसणार. म्हणून डॉक्टरही बरोबर आणि रिपोर्टही बरोबर.
हर-टू पॉझिटिव्हमध्ये भानगड उलटी असते, तिथे एकाच पानाच्या झेरॉक्सवर झेरॉक्स निघालेल्या असतात. २+ आलं की म्हणूनच फिश टेस्टला पाठवतात, कॉप्या मोजायला.

बेलापूरचा_बोका
वही आवडली, पण एक भर घालतो नाहीतर लोकांना वाटेल एकदाच सांडलं आणि संपलं. एका पेशीच्या दोन होताना हा चिकटलेपणासुद्धा कॉपी होतो, त्यासाठी वेगळं एन्झाइमच आहे, म्हणून एका पेशीत बंद पडलेला जीन तिच्या सगळ्या वंशावळीत बंद राहतो. आणि उलटही होतं. केमोच्या माऱ्यात काही पेशींतला पाक निघून जातो, ब्रॅका परत चालू होतो, तुटलेला डीएनए दुरुस्त व्हायला लागतो आणि औषध चालेनासं होतं. वाचून बरं वाटायला नको, कॅन्सरच्या पेशीत दुरुस्ती परत सुरू होणं म्हणजे आपल्यासाठी वाईट बातमी.
बाकी "जोरात वाढतो" हे एका जीनवर ढकलू नका. इस्ट्रोजेन रिसेप्टर स्वतःच पानं उघडणारा आहे, हार्मोन चिकटला की तो डीएनएवर जाऊन बसतो आणि दुसरे जीन चालू करतो. ज्या पेशीत तोच नाही ती हार्मोनवर अवलंबूनच नाही, मग टॅमॉक्सिफेन (हा रिसेप्टर अडवणारं औषध) अडवणार कुणाला? त्यात बहुतेक ट्रिपल निगेटिव्ह गाठींत पी-५३ बिघडलेला, तो पेशीला थांब म्हणणारा. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते पुढचं. पोटात बाळ घडताना पेशी एका जागेवरून सुटून दुसरीकडे जातात, त्यासाठी स्नेल, ट्विस्ट, झेब-वन असे जीन लागतात. मोठेपणी ही पानं बहुतेक मिटलेली असतात. जोरकस गाठींत ती परत उघडतात, पेशींना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं आणि पेशी सुटून निघतात. झेब-वनला गप्प ठेवणारे मायक्रो-आरएनए (जीनला दाबणारे बारके आरएनएचे तुकडे) असतात, मिर-२०० नावाचं कुटुंब, पण झेब-वनही त्यांना दाबतो, म्हणजे जो आधी वरचढ झाला तो दुसऱ्याचा गळा धरून बसतो. २०२४ चं मेडिसिनचं नोबेल मिळालं ते मायक्रो-आरएनएच्याच शोधाला, अँब्रोस आणि रुव्हकुन यांना.

निसर्गप्रेमी_ठाणे
म्हणजे जीन आहारानेच चालू बंद होतात ना, मग रोज हळद, गव्हांकुराचा रस आणि साखर बंद केली तर हा पाक निघेल की. केमोचं विष कशाला.

खारघर_लोकल
दादा, हळद भाजीत घाला, खुशाल घाला. पाक काढणारी औषधं खरंच आहेत, ॲझासिटिडिन आणि डेसिटाबिन, काही रक्ताच्या आजारांत वापरतात. लॅबमधल्या डिशमध्ये डेसिटाबिनने ईआर निगेटिव्ह पेशींत रिसेप्टर परत आणूनही दाखवलाय. पण ही औषधं एक पान सोडवत नाहीत, सगळ्या वहीवर पाणी ओततात, नको ती पानंही उघडतात. ब्रेस्टच्या गाठीसाठी ती नेहमीच्या उपचारात नाहीत. जिथे नेमकं औषध अजून जमलेलं नाही तिथे गव्हांकुराला कुठलं पान सोडवायचं हे कळणार आहे का? घंटाळीची, केमोची तारीख असल्या कशासाठीही पुढे ढकलू नका प्लीज.

सीवूड्स_काकू
बाळ, मी २०१९ ची ट्रिपल निगेटिव्ह. माझा केआय-६७ ऐंशी होता, तेव्हा मलाही सगळ्यांनी असंच घाबरवलं. तो आकडा म्हणजे किती पेशी वाढायच्या तयारीत आहेत, पण केमो वाढणाऱ्या पेशींनाच जास्त लागतं हे कुणी सांगत नाही. माझी गाठ ऑपरेशनच्या आधीच हाताला लागेनाशी झाली होती, सगळ्यांची होतेच असं नाही हां. आणि या प्रकारात परत येण्याची भीती पहिली तीनेक वर्षं जास्त असते, पाच झाली की बरीच कमी होते. हार्मोनवाल्या प्रकारात उलट दहा पंधरा वर्षांनीही येऊ शकतो.
डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. एक, ऑपरेशनच्या आधी केमो देणार का आणि त्यात कार्बोप्लॅटिन हे केमोचं औषध आहे का. आपल्या टाटाचीच मोठी ट्रायल आहे, ७२० बायका, पन्नाशीच्या आतल्यांना त्याचा फायदा दिसला आणि मावशी ४६ ची आहे. दुसरं, इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणारे उपचार) लागू पडते का. किंमत ऐकायच्या आधी खुर्चीत बसा. हर-टू १+ आहे ना, तो कागद जपून ठेवा, देव करो आणि गरज न पडो, पण पसरलेल्या आजारात १+ वाल्यांसाठी आता वेगळं औषध निघालंय.
आणि काकांना सांगा पेढे आणून ठेवा, माझ्या मिस्टरांनी शेवटच्या केमोला आणले होते आणि मला तोंडाच्या फोडांमुळे एक खाता आला नाही, सगळे नर्सबाईंनी संपवले.

घंटाळीची
काकू, रडवलंत आणि हसवलंत. आईचं राहिलं ना पण?

खारघर_लोकल
अरे हो, सॉरी. गाठीत जे चिकटलं ते सहसा गाठीतच घडलेलं असतं, ते पुढच्या पिढीत जात नाही. वारशाने येतो तो रक्तात दिसणारा बदल आणि मावशीत तो सापडलेला नाही, म्हणजे आईत नेमका शोधायला असा ठरलेला बदल नाही. फक्त टेस्टमध्ये ब्रॅका दोनच बघितले की पाल्ब-टू वगैरे धोका वाढवणारे बाकीचे जीनही होते हे रिपोर्टात बघ. सख्ख्या बहिणीला झालाय म्हटल्यावर आईने मॅमोग्राफी करून घ्यावी आणि पुढे किती वर्षांनी करायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं, एवढं नक्की. घाबरून नाही, नेमाने.

घंटाळीची
पॅनेल बघितलं, पाल्ब-टू आहे त्यात, तोही नॉर्मल. आईला वाचून दाखवलं, म्हणाली "म्हणजे वही माझी बरी आहे" आणि दुपारी पहिल्यांदा झोपली. परवा ॲक्ट्रेकला (टाटाचं खारघरचं केंद्र) सेकंड ओपिनियनला जायचंय, स्लाईड घेतल्यात. अजून काय लागेल?

खारघर_लोकल
नुसत्या स्लाईड नको, बायोप्सीचा मेणाचा ब्लॉकही माग, जिथे बायोप्सी झाली तिथेच असतो, अर्ज करून मिळतो. पुढची कुठलीही टेस्ट त्यावरूनच होते. आणि ठाण्याहून पनवेलची ट्रान्सहार्बर लोकल पकड, खारघरला उतरून रिक्षा. वाशीच्या गाडीत बसू नकोस, ती तुर्भ्यानंतर दुसरीकडे वळते. सकाळी लवकर निघ, मावशीला बसायला जागा मिळेल.