प्रतिसाद: पुस्तक बदलण्याआधी काड्यांचे गठ्ठे

घरीच शिकणारी तुमची लेक हातच्याच्या वजाबाकीला रडते, म्हणून सिंगापूर पद्धतीची पुस्तकं सोडून बालभारती धरावं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, इतक्यात बदलू नका. तिचं अडलंय दशक सुटा करण्यात, आणि ते गणित बालभारतीतही येणारच.

थोडे दिवस वही बंद ठेवा. खराट्याच्या काड्या मोडून दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. ६२ मधून ३८ काढायचे तर सहा गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवा. दोनातून आठ जात नाहीत म्हटल्यावर एका गठ्ठ्याचं रबर तिलाच काढू दे. आता सुट्या बारा, गठ्ठे पाच. आठ गेल्या की चार, तीन गठ्ठे गेले की दोन. चोवीस! हे हाताला पटलं की मगच चित्र काढायचं, आकडे सगळ्यात शेवटी. सिंगापूर पद्धतीचा गाभाही हाच आहे; घाईत आपण पहिली पायरी गाळतो.

कपिलतीर्थ मंडईत भाजी घेताना सुट्ट्या पैशांचा हिशेब तिच्याकडे द्या. मागे गिऱ्हाईक खोळंबलं तरी तिला मोजू द्या, खरंच. पाढे मात्र रोज तोंडीच, त्याला पुस्तक कशाला?

बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते, ती सरावाला जोड म्हणून वापरा. धड्यांचा क्रम जुळणार नाही, त्यामुळे पानांमागे न जाता विषय बघून उदाहरणं निवडा. पुढे मुक्त विद्यालयाचा विचार असेल तर एनआयओएसचा (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा) 'अ' स्तर तिसरीच्या बरोबरीचा असतो. म्हणजे तुमच्या हातात वेळ आहे.