इनहेरिटन्सला मराठीत ‘वारसा’ म्हणणं बरोबर आहे का?

प्रश्न
एसई कॉम्पला (इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, कम्प्युटर) आहे, या सेमला ओओपी (ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग) आहे, सी प्लस प्लसमधून. दहावीपर्यंत मराठी माध्यम त्यामुळे कुठलीही टर्म एकदा मराठीत आणल्याशिवाय डोक्यात बसत नाही. क्लास म्हणजे वर्ग, ऑब्जेक्ट म्हणजे वस्तू, पॉलिमॉर्फिझम म्हणजे बहुरूपता इथपर्यंत जमलं. पण इनहेरिटन्सला, म्हणजे जुन्या क्लासवरून नवा क्लास काढण्याला, कुठे वारसा, कुठे अनुवंश, कुठे वंशागती. नक्की कुठला धरायचा? आणि वारसा धरला तर बेस क्लासचं (जुन्याचं) प्रायव्हेट काहीच डिराइव्ह्डला (नव्याला) का मिळत नाही, वारसाला तर सगळंच मिळतं ना? ओरल जवळ आलीये, जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद
वारसाच धर, रुळलेला आहे. अनुवंश म्हटलं की आईबापांचे गुण मिसळून मूल तयार होतं ते डोळ्यापुढे येतं, इथे तसं काही मिसळत नाही. वंशागती मला तरी उच्चारायलाच जड वाटतो.

प्रतिसाद
वारसा शब्द चालेल पण त्याचा घरातला अर्थ बाजूला ठेवूनच वापर, नाहीतर पुढे सगळं उलटं समजतं. आपल्याकडे वारसा म्हणजे माणूस गेल्यावर सातबाऱ्यावर नावं चढतात आणि हिस्से पडतात. इथे बेस क्लास कुठे जात नाही, आणि त्याच्यावरून दहा क्लास काढले तरी दहाही क्लासांना सगळंच्या सगळं मिळतं, वाटणी नाही. प्रायव्हेटचं म्हणशील तर तेही मिळतं! डिराइव्ह्ड ऑब्जेक्टच्या मेमरीत बेसचे प्रायव्हेट व्हेरिएबल असतातच, साइझऑफ (मेमरीत किती जागा घेतली ते सांगतं) लावून बघ, फक्त डिराइव्ह्ड क्लासच्या कोडमधून त्यांचं थेट नाव घेता येत नाही, बेसच्या पब्लिक नाहीतर प्रोटेक्टेड फंक्शनमधून जावं लागतं. म्हणजे ‘मिळत नाही’ नाही, ‘हात लावता येत नाही’. ओरलला हा फरक नक्की सांग.

आता मला खरंच महत्त्वाचं वाटतं ते. ही कल्पना ज्यांनी आणली ते ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन निगार्ड, ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये, सिम्युला 67 ही त्यांची भाषा (2001 चं ट्युरिंग अवॉर्ड दोघांना मिळालं). त्या भाषेत क्लास लिहिताना जुन्या क्लासचं नाव ‘क्लास’ या शब्दाच्या आधी लिहायचे आणि त्याला म्हणायचे प्रीफिक्स, म्हणजे आपला उपसर्गच. आणि तयार होणारा तो सबक्लास. देणारा-घेणारा असं त्यात कुणी नाही, मोठ्या प्रकारातला एक खास प्रकार एवढंच. म्हणून मी ज्युनिअर मुलांना शिकवताना ‘प्रकार’ हाच शब्द वापरते, प्रत्येक वेळी वाक्य करून बघायचं की अमुक हा तमुकचा प्रकार आहे का.

एसटीचं तिकीट घे. ‘तिकीट’ हा क्लास, त्यात अंतर आणि भाडं काढणारं फंक्शन. महिलांना 2023 पासून अर्धं भाडं आहे, 75 च्या वरच्या ज्येष्ठांना 2022 पासून मोफत, म्हणजे महिला तिकीट हा तिकिटाचाच प्रकार आणि ज्येष्ठ तिकीट हाही. दोघांत भाडं फंक्शन नव्याने लिहायचं, ते ओव्हरराइड. आता तिकिटाच्या पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता ठेवणारं व्हेरिएबल) महिला तिकिटाचा पत्ता ठेवून भाडं विचारलं तर किती येईल? बेसमध्ये व्हर्च्युअल लिहिलं नसेल तर पूर्ण भाडं येतं, कारण सी प्लस प्लस पॉइंटरचा टाइप बघून कंपाइल होतानाच ठरवून टाकतं. व्हर्च्युअल लिहिलं की समोरची खरी वस्तू कोण ते चालू असताना बघितलं जातं आणि अर्धं येतं. जावामध्ये साधी मेथड मुळातच अशी वागते, शब्द लिहावा लागत नाही. आणि एक, फंक्शनला तिकीट बाय व्हॅल्यू, म्हणजे कॉपी करून, पाठवलंस तर व्हर्च्युअल असूनही पूर्णच भाडं येईल कारण कॉपी होताना महिला तिकिटाचा जास्तीचा भाग कापला जातो, त्याला स्लायसिंग म्हणतात. रेफरन्स किंवा पॉइंटरच पाठवायचा.

प्रश्नकर्ता
मॅडम खूप धन्यवाद, प्रायव्हेटचं तर आत्ता कळलं. पण मग कंडक्टरकडचं मशीन? त्यात प्रिंटर असतो, तर मशीन क्लास प्रिंटरवरून काढला तर छापायचं फंक्शन आयतं मिळेल ना?

प्रतिसाद
आयतं मिळतं म्हणूनच वारसा शब्दाची भीती वाटते बघ. वाक्य कर: तिकीट मशीन हा प्रिंटरचा प्रकार आहे का? नाही, मशीनमध्ये प्रिंटर आहे. मग प्रिंटर हा मशीनचा मेंबर ठेव, याला कॉम्पोझिशन. आणि हे फक्त शिकणाऱ्यांचंच होतं असं नाही, जावाच्या स्वतःच्या लायब्ररीत स्टॅक हा व्हेक्टरवरून (कुठल्याही जागी घालता-काढता येणारी यादी) काढलेला आहे. स्टॅकमध्ये फक्त वरून ठेवायचं वरून काढायचं, पण व्हेक्टरची सगळी फंक्शनं सोबत आल्यामुळे मधल्या जागीही घुसवता येतं, म्हणजे स्टॅकचा नियमच राहिला नाही. जुना कोड मोडेल म्हणून आता काढताही येत नाही, जावाच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की त्यापेक्षा डेक (दोन्ही टोकांनी ठेवता-काढता येणारी रांग) वापरा. तुझ्या लॅबमध्ये जावा असेल तर आजच स्टॅकमध्ये तीन आकडे टाकून मध्ये चौथा घालून बघ, लगेच चालतं.