पहिलं कम्युनियन जवळ आलंय, उत्तरं सगळी पाठ, पण घरी रोझरी म्हटली की रोज भांडण

निर्मळची_पुण्यात
नमस्कार मंडळी. आम्ही मूळचे वसईचे कॅथलिक, नवऱ्याच्या नोकरीमुळे ९ वर्षं पुण्यात. मुलगी ८ वर्षांची आहे, मे महिन्यात पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सेत पहिल्यांदा ख्रिस्तशरीर घेणार. इथल्या चर्चमध्ये कॅटेकिजम, म्हणजे धर्मशिक्षण, इंग्रजीत असतं, रविवारी मुलांच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) तासभर. टीचर चांगल्या आहेत, तक्रार नाही. साक्रामेंत (चर्चचे संस्कार) म्हणजे काय, किती, कोणते, विचारा, धडाधड उत्तर देते. पण परवा मिस्सेत फादर होस्तिया (पवित्र भाकर) वर उचलत होते आणि ही माझ्या कानात विचारते, मम्मी अजून किती वेळ? हजेरीच्या कार्डावर शिक्का मिळाला की तिच्या लेखी विषय संपला.

खरा प्रॉब्लेम घरी आहे. आमच्या माहेरी रोज रात्री रोझरी, म्हणजे माळेवरची मरियेची प्रार्थना व्हायची, जेवण त्यानंतर, कोणाला सुट्टी नाही, म्हणून मीही तसंच सुरू केलं, पण तिसऱ्या दशकाला (एक दशक म्हणजे दहा वेळा 'नमो मरिया' ही प्रार्थना, अशी पाच) ही सोफ्यावर आडवी, मग मी ओरडते, मग ती रडते, नवरा म्हणतो राहू दे ना, आणि आईबापांचं भांडण होऊन रोझरी तशीच अर्धवट. त्यात सासूबाई साडेआठला गावाहून व्हिडिओ कॉल लावून मराठीत सुरू करतात. मुलीला मराठीतलं नमो मरिया फक्त अर्धं येतं, पुढे नुसते ओठ हलवते. सासूबाईंच्या लक्षात येतं, बोलत नाहीत पण चेहऱ्यावर दिसतं. तुम्ही मुलांना कसं लावलंत हे सगळं? मी जास्त ताणतेय का?

रविवारची_टीचर
ताई, हो, ताणताय 🙂 रागावू नका. मी १७ वर्षं वसईत कॅटेकिजम शिकवतेय, दर वर्षी ही गोष्ट चार-पाच आया तरी सांगतात.

८ वर्षांच्या मुलीला पाच दशकं म्हणजे फार झालं. एकच दशक घ्या, पण रोज घ्या. आणि तिला नुसतं बसवू नका, काम द्या. मेणबत्ती तिने लावायची, आज कुठलं रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला कुठला प्रसंग, ते तिने सांगायचं. सोमवार-शनिवार आनंदाची, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची, आणि गुरुवारी प्रकाशाची, जी पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये घातली. माझ्या वर्गात गुरुवार सगळ्यांचा लाडका, कारण त्यात काना गावचं लग्न येतं. लग्नात वाइन संपली आणि मरियेच्या लक्षात आलं, हे मुलांना लगेच कळतं, आमच्याकडच्या लग्नात कोणाच्या तरी ताटात काहीतरी संपलेलं असतंच.

दशकाआधी ते कोणासाठी हेही तिलाच विचारा. एका पोराने माझ्या वर्गात सांगितलं, आमच्या बोअरिंगला पाणी लागू दे. सगळी हसली. मी म्हटलं हसू नका, म्हणा. आणि म्हटलं.

आता अर्ध्या नमो मरियाचं. अहो, रोझरीत एकाने अर्धं म्हणायचं आणि बाकीच्यांनी 'पवित्र मरिये'पासून पुढचं. तिला पहिलं अर्धं येतं ना? मग सासूबाईंना सांगा, आज पुढारी नात, तुम्ही उत्तर द्या. तिला जेवढं येतं तेवढंच लागतं. उरलेलं दहा वेळा आजीच्या तोंडून ऐकेल, महिनाभर रोज. मुद्दाम पाठ करायला बसवू नका.

बाहेर_उभा_राहणारा
मी बाप आहे आणि आमच्या घरी 'राहू दे ना' म्हणणारा पण मीच, म्हणून लिहितो. आपल्याकडे गडी माणसं मिस्सेला चर्चच्या बाहेर उभी राहतात, फादर उपदेश संपवून खाली उतरले की आत, कम्युनियन झालं की परत बाहेर, मोटरसायकलला टेकून. मी १५ वर्षं तसाच. पोराचं पहिलं कम्युनियन झालं, पुढच्या रविवारी तो पण माझ्या शेजारी येऊन बाहेर उभा राहिला. मी म्हटलं आत जा. तो म्हणाला, तुम्ही का नाही जात? माझ्याकडे काय उत्तर असणार. तेव्हापासून आत बसतो. अजून उपदेशात डुलकी लागते, पण आत लागते. ताई, नवऱ्याला सांगा, रोझरीचं एक दशक त्याने चालवायचं.

बावखलाकाठचा
वय वर्षं ८०, त्यामुळे थोडं पाल्हाळ होईल. आमच्या पहिल्या कम्युनियनच्या वेळी मिस्सा लॅटिनमध्ये. फादरांची पाठ आमच्याकडे, काय चाललंय कळायचं नाही, आई शेजारी बसून मिस्सेतच रोझरी ओढायची. मराठीत मिस्सा आली ती व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, साठच्या दशकात. कम्युनियनच्या आधी रात्री बारानंतर अन्नाचा कण नाही. आता तास भराचा उपास. आमचं कम्युनियन सकाळी लवकर, घरी परत येईपर्यंत पोटात कावळे. आईने चुलीवर तांदळाची भाकर टाकून ठेवलेली, तो वास मला अजून आठवतो. त्या दिवशी फादर काय बोलले ते अजिबात आठवत नाही.

आणखी एक. सात-आठ वर्षांच्या मुलांना कम्युनियन देण्याची पद्धत १९१० पासूनची, पोप पायस दहावे यांनी वय खाली आणलं. त्याआधी दहा-बारा, कुठे चौदासुद्धा. पोराला साधी भाकर आणि ख्रिस्तशरीर यातला फरक आपल्या वयाप्रमाणे कळला की बास, असा त्यांचा कल होता. तुमची मुलगी सगळं समजून घेईल अशी अपेक्षा चर्चचीसुद्धा नाही.

आणि हॉल, डीजे, पाचशे पानं करू नका. हल्ली पहिलं कम्युनियन आहे की लग्न हे मांडव बघून ओळखता येत नाही.

श्रीरामपूरकर
आजोबांशी मांडवाच्या बाबतीत १००% सहमत 😄 टीचरताईंचं सगळं पटलं पण भाषेचा एवढा बाऊ नको असं माझं मत. माझी दोन्ही मुलं इंग्रजीत प्रार्थना करतात, देवाला कळतं. तरी एक सांगतो. सप्टेंबरात मुलांना श्रीरामपूरजवळ हरेगावला मतमाऊलीच्या (मरियेच्या) यात्रेला नेलं. गर्दी, धूळ, ऊन, लोक पायी आलेले, कोणी नवस फेडायला, रात्री पेटी-तबल्यावर भजनं. मोठा मुलगा पुण्यात चर्चमध्ये तोंड उघडत नाही, तिथे टाळ घेऊन बसला, शब्द येत नव्हते तरी. गोव्यात आलेल्या इंग्रज फादर स्टीफन्सनी १६१६ मध्ये छापलेलं ख्रिस्तपुराण ओव्यांमध्ये का रचलं ते मला तिथे कळलं. इथल्या लोकांच्या कानाला पुराण ऐकायची सवय होती, तिथूनच सुरुवात केली त्यांनी. म्हणजे बघा, भाषेचा बाऊ नको म्हणता म्हणता मीच भाषेवर आलो.

रविवारची_टीचर
😄 आलात ना. निर्मळची ताई, कन्फेशनबद्दल (फादरांपुढे पापं कबूल करण्याबद्दल) राहिलं. पहिल्या कन्फेशनसाठी पापांची छापील यादी देऊ नका. मुलं यादीतली सोपी पापं निवडतात, 'मी खोटं बोललो तीन वेळा', आकडासुद्धा सगळ्यांचा तीनच. त्यापेक्षा आदल्या रात्री तिच्याशेजारी बसून तुम्ही आधी तुमचं एक सांगा.

निर्मळची_पुण्यात
सगळ्यांचे आभार. आठवड्याने लिहितेय. नातीने पुढारी व्हायचं म्हटल्यावर सासूबाई एवढ्या खूश की मोबाईल देव्हाऱ्यापुढे नीट टेकवून केस विंचरून बसल्या. पहिल्या दिवशी मुलीने दहाच्या ऐवजी तेरा नमो मरिया म्हटले, मणी मोजायला विसरली, आजीने तेराही वेळा उत्तर दिलं, टोकलं नाही. नवऱ्याने गुरुवारचं दशक घेतलंय.

टीचर, कन्फेशनचं तुमचं ऐकलं. मी तिला म्हटलं माझं पाप हे की मी रोझरीच्या वेळी तुझ्यावर ओरडते. ती विचार करून म्हणाली, ते पाप माहितीये मला, तू दुसरं सांग.